मिशेल गोंड्री: चार मिनिटांचा नियम आणि पावणेदोन तासांचा सिनेमा

'म्युझिक व्हिडिओवाला' ही सिनेसमीक्षेतली जुनी शिवी आहे. फ्रेम देखणी, कट भराभर आणि आत ठणठणगोपाळ, असा तिचा अर्थ. व्हिडिओतून सिनेमात आलेल्या डेव्हिड फिंचरने ती खाल्ली, तरसेम सिंगला अजून खावी लागते. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंड्रीला ती लावायची म्हटलं तर पंचाईत होते, कारण त्याचे गाजलेले व्हिडिओ भराभर कापलेले नाहीतच. बरेचसे एका सलग शॉटचे आहेत, किंवा तसे वाटावेत म्हणून त्यांच्यावर भयंकर मेहनत घेतलेली आहे. व्हिडिओ करता करता त्याला एक सवय लागली: आधी गाण्यातला नियम शोधायचा, तो कागदावर मांडायचा आणि मग शेवटच्या सेकंदापर्यंत मोडायचा नाही. सिनेमात ही सवय कुठे तारते आणि कुठे बुडवते, हे त्याच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कोणाच्या दिसत नाही.

जन्म १९६३ चा, व्हर्सायचा. आजोबा कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये क्लॅव्हियोलिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवलं. हे नाव अनोळखी वाटलं तरी आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'नागिन' (१९५४) मधली ती प्रसिद्ध बीन कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती. नातू कलाशाळेत शिकला, 'उई उई' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला आणि बँडचे व्हिडिओ स्वतःच अ‍ॅनिमेशन वापरून करायला लागला. त्यातला एक आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिने पाहिला आणि १९९३ मध्ये 'ह्यूमन बिहेवियर' त्याच्याकडे आलं. पुढे तिच्यासाठी त्याने अर्ध्या डझनाहून जास्त व्हिडिओ केले. तो ड्रमर होता ही गोष्ट चरित्रातली तळटीप म्हणून सोडून देऊ नये. चाल आणि शब्द बाजूला ठेवून तो आधी मात्रा मोजतो, हे प्रत्येक व्हिडिओत दिसतं.

डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचा 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) घ्या. गाण्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, गोष्ट काही नाही. गोंड्रीने गाण्यातलं एकेक वाद्य नर्तकांच्या एकेका गटाला वाटून दिलं. बेस वाजतो तेव्हा खेळाडूंसारखे उंच लोक पायऱ्या चढतात-उतरतात, ममी म्हणजे ड्रम मशीन, सांगाडे म्हणजे गिटार, चमकत्या पोशाखातल्या मुली म्हणजे कीबोर्ड आणि यंत्रमानव म्हणजे तो यांत्रिक आवाज. बेसची सुरावट वर गेली की माणसं वरच्या पायरीवर, खाली आली की खालच्या. नृत्य बसवलं ब्लांका ली हिने. व्हिडिओत नाच म्हणजे दोन कटांमधली भरती, या प्रकाराचा गोंड्रीला वीट आला होता, म्हणून इथे कॅमेरा मागे राहतो आणि सगळे गट एकाच फ्रेममध्ये दिसतात. आवाज बंद करून पाहिला तरी आता कोणतं वाद्य वाजतंय ते सांगता येतं. हा प्रयोग जरूर करून पाहा.

केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीच्या 'स्टार गिटार' मध्ये (२००२) हीच कल्पना टोकाला गेली. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा फ्रान्सचा मुलूख, बस. पण प्रत्येक खांब, पूल, टाकी, इमारत एकेका ठोक्यावर येते. नीम आणि व्हालांस दरम्यानचा तो प्रवास साध्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) कॅमेऱ्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा शूट केला होता, म्हणजे उजेडाच्या छटा हाताशी राहतात. त्याआधी त्याने आलेख कागदावर गाण्याची मांडणी केली होती, आणि संत्री, काटे, कॅसेट, पुस्तकं, पेले ओळीने मांडून ती ताडून पाहिली होती.

असं काही करून पाहायचं असेल तर पहिला खड्डा गणिताचा आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत गाणं १२५ बीपीएमचं (मिनिटाला १२५ ठोके) असेल तर एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात आणि सगळं गोड चालतं. २४ फ्रेमवर तोच मान १२० बीपीएमला आहे. पण गाणं १२७ चं निघालं तर २५ फ्रेमच्या हिशेबाने एका ठोक्याला ११.८१ फ्रेम. 'जवळजवळ १२ च' म्हणून दर १२ फ्रेमला खांब लावत गेलात, तर चार मिनिटांत ५०८ ठोके होतात आणि शेवटचा खांब जवळजवळ ९६ फ्रेम, म्हणजे पावणेचार सेकंदांहून जास्त उशिरा येतो. मधल्या टप्प्यात तर तो ठोक्याच्या बरोबर अध्येमध्ये पडतो आणि डोळ्याला खुपतो. उपाय सोपा आहे. आधीच्या ठोक्यात १२ मिळवू नका; ठोक्याचा क्रमांक गुणिले ११.८११ करून प्रत्येक वेळी सुरुवातीपासून मोजा आणि मग सगळ्यात जवळचा पूर्णांक घ्या. चूक कधीच अर्ध्या फ्रेमच्या पुढे जात नाही. आणखी एक: ठोका म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. खांब फ्रेममध्ये शिरताना की मधोमध आल्यावर? मधोमध आलेला डोळ्याला ठोक्यावर वाटतो. कडेशी धरलात तर सगळा व्हिडिओ ठोक्याच्या किंचित मागे पडल्यासारखा दिसतो.

ऑस्ट्रेलियन पॉप गायिका कायली मिनोगच्या 'कम इनटू माय वर्ल्ड' (२००२) मध्ये नियम आवर्तनाचा आहे. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियांकूरमधला एक चौक. कायली दुकानातून बाहेर पडते, चौकाला फेरी मारते, कॅमेरा तिच्याबरोबर पूर्ण वर्तुळ फिरून मूळ जागी येतो. समेवर आलो की दुकानातून आणखी एक कायली बाहेर पडते. शेवटी चार होतात, आणि त्यांच्याबरोबर रस्त्यावरची माणसंही तितक्याच पटीने वाढलेली असतात.

हे शक्य होतं मोशन कंट्रोलमुळे. कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल (पुढे-मागे, वर-खाली, पॅन म्हणजे आडवं वळणं, टिल्ट म्हणजे उभं वळणं, फोकस) मोटरवर असते आणि संगणक ती फ्रेमच्या क्रमांकाप्रमाणे साठवतो. पुढच्या पासला (म्हणजे तीच हालचाल पुन्हा शूट करताना) ७१२ व्या फ्रेमवर कॅमेरा पहिल्या पासच्या ७१२ व्या फ्रेमच्याच जागी असतो, म्हणून दोन्ही पास एकावर एक बसतात. हिशेब बघा: प्रत्येकीचा वावर दर फेरीत वेगळा ठेवायचा तर चार फेऱ्यांना एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, म्हणजे दहा पास. प्रत्येक पासमध्ये अभिनेत्रीने समोर नसलेल्या 'स्वतःला' चुकवून चालायचं. जमिनीवर खुणा, कानात ठोके आणि कोण कोणाच्या पुढून जाणार याचा तक्ता, इतकं असल्याशिवाय ते होत नाही. तक्ता महत्त्वाचा अशासाठी, की पुढून जाणारी मागच्या पासमध्ये शूट झाली तरी चालतं, पण दोघी एकमेकींना ओलांडतात त्या जागी मॅट (चित्राचा नको तो भाग झाकणारा मुखवटा) हाताने कापावा लागतो. एडिटच्या टेबलावर सगळ्यात जास्त दिवस तिथे जातात.

बिघडतं ते बहुतेक वेळा कॅमेरा फिरवणाऱ्या रिगमुळे नाही, उन्हामुळे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन पासांमध्ये दोन तास गेले तर एकीची सावली दुसरीपेक्षा बरीच फिरलेली, आणि मग डोक्याला कितीही ताप करून घ्या, ती जोडता येत नाही. ढगाळ दिवस मिळाला तर देवाची कृपा. नाहीतर दिवसातली ठरावीक वेळ धरून पास वाटायचे. त्याखालोखाल त्रास देतं ते गिअरमधलं ढिलेपण: ट्रॅकवर कॅमेरा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून जागेवर आला तर दोन-तीन पिक्सेलचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक पास सुरू करण्याआधी कॅमेरा नेहमी एकाच दिशेने सुरुवातीच्या खुणेवर आणतात. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस ऑटोवर राहिलं तर बोलायलाच नको.

स्टॉप मोशनचं (वस्तू किंचित हलवत एकेक चित्र टिपायचं) दुखणं हेच. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक बँडचा लेगोच्या विटांचा व्हिडिओ एक मिनिट पन्नास सेकंदांचा आहे. सेकंदाला नुसती १२ चित्रं धरली तरी १३२० होतात. अ‍ॅनिमेटरने पांढरा शर्ट घातला तरी विटांवर त्याचा उजेड पडून चित्र लुकलुकतं, म्हणून काळे कपडे, खिडक्या बंद आणि व्होल्टेज स्थिर. त्याच बँडच्या 'द हार्डेस्ट बटन टू बटन' (२००३) साठी ३२ एकसारखे ड्रमसेट, ३२ अ‍ॅम्प्लिफायर आणि १६ माइक स्टँड आणले होते. एका ठोक्याला एक नवा ड्रमसेट. संगणकावर नक्कल करून चाललं असतं की, असं कोणी म्हणेल. पण खऱ्या रस्त्यावर खऱ्या ड्रमसेटची रांग लागते तेव्हा प्रत्येकावर ऊन थोडं वेगळं पडतं आणि डोळा ते पकडतो. (चित्र-चित्र करून वस्तूंना चालवायचा हा नाद आपल्याकडेही जुना आहे. फाळक्यांनी मूकपटाच्या काळात आगकाड्या नाचवल्या होत्या आणि वाटाण्याचं रोप वाढवून दाखवलं होतं.)

आता सिनेमा. पहिला 'ह्यूमन नेचर' (२००१), लेखक चार्ली कॉफमन. पडला. दुसरा 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४), लेखक पुन्हा कॉफमनच. ऑस्करच्या मूळ पटकथेच्या पारितोषिकावर तिघांची नावं लागली: कॉफमन, गोंड्री आणि चित्रकार मित्र पिएर बिस्मुथ. मूळ ठिणगी बिस्मुथची होती: 'अमुक व्यक्तीने तुम्हाला आठवणीतून पुसून टाकलं आहे' असं पत्र टपालाने आलं तर? लेखक तोच, दिग्दर्शक तोच; मग फरक कशात? माझ्या मते नियमात. 'ह्यूमन नेचर' मध्ये युक्त्या आहेत, पण त्या काढल्या तरी गोष्ट तशीच सांगता आली असती. 'इटर्नल सनशाइन' चा कणाच एक नियम आहे: आठवणी शेवटून सुरुवातीकडे पुसल्या जाणार, आणि नायक पुसली जाणारी आठवण वाचवू पाहणार. गाण्याला जसं आवर्तन तसं या गोष्टीला पुसणं. गोंड्रीला याहून ओळखीची जमीन मिळणं कठीण होतं.

पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग पाहा. नायक झालेला जिम कॅरी बाहेर निघतो, त्याच्यामागे दिवे एकेक करत विझतात आणि तो चालत चालत थेट मित्राच्या घरात पोचतो. असा शॉट लावताना दिवे रांगांमध्ये विभागून डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) घ्यावे लागतात आणि एकजण नटाच्या पावलांवर डोळा ठेवून एकेक रांग बंद करतो. इथेही ठोकेच, फक्त गाण्याच्या जागी पावलं आहेत. मध्ये येणारा अंधार सांधा झाकतो.

त्याहून धीट आहे डॉक्टरच्या खोलीतला प्रसंग, जिथे नायक स्वतःलाच खुर्चीत बसलेला पाहतो. दोन पास, मधोमध मॅट, हा राजमार्ग त्याला कायलीच्या व्हिडिओपासून पाठ होता. इथे त्याने तो टाळला. कॅमेरा एका कॅरीवरून पॅन होतो तेवढ्यात कॅरी कॅमेऱ्याच्या मागून धावत जाऊन, टोपी-कोट उतरवून, दुसऱ्या जागी बसलेला असतो. हे करायचं तर पॅनची लांबी नटाच्या धावण्यावरून ठरते, स्टोरीबोर्डवरून ठरत नाही. कॅमेरामनच्या मागची बाजू पूर्ण रिकामी हवी: बूम (काठीवरचा माइक) दुसरीकडून, केबल उचललेल्या, फोकस पुलर (फोकस सांभाळणारा सहायक) पुढच्या अंगाला. पावलांचा आवाज नंतर पुसून टाकावा लागतो. आणि बसताना नटाला लागलेली धाप? ती या प्रसंगाला पथ्यावर पडते, कारण तो माणूस तिथे घाबरलेलाच आहे. मॅट लावून बसवलेला कॅरी इतका अस्वस्थ दिसला नसता.

स्वयंपाकघरात नायक लहान मूल होतो तो प्रसंग फोर्स्ड पर्स्पेक्टिव्हवर आहे. ज्याला लहान दाखवायचं तो कॅमेऱ्यापासून लांब, मोठी दिसणारी माणसं जवळ, आणि सामान दोन मापांत बांधून एका रेषेत जुळवलेलं. पथ्यं तीन. लेन्स एकाच बिंदूवर हवी, जरा सरकली की जोड उघडा पडतो. जवळचा आणि लांबचा दोघेही फोकसमध्ये हवेत, म्हणून अ‍ॅपर्चर एफ ११ किंवा एफ १६ पर्यंत बंद करायचं, आणि मग उजेड कित्येक पटीने वाढवावा लागतो. तिसरं नजरेचं: दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं तर पडद्यावर नजरा चुकतात, म्हणून दोघांना हवेतल्या खुणा द्यायच्या.

हे सगळं कसरतीचं वाटू नये याचं श्रेय छायाचित्रकार एलन कुरासला. कॅमेरा बराचसा हातात, उजेड शक्यतो जागेवरचा. युक्ती गुळगुळीत ट्रॅकवरून दाखवली की प्रेक्षक टाळ्या वाजवतो. हलत्या हातातून दिसली की त्याला ती घडल्यासारखी वाटते. मॅनहॅटनच्या रस्त्यातून सर्कशीचे हत्ती जाणार आहेत असं कळल्यावर नट घेऊन तिकडे धावता आलं, तेही याच मोकळ्या पद्धतीमुळे.

पुढचा प्रवास चढउताराचा आहे. 'द सायन्स ऑफ स्लीप' (२००६) मध्ये सेलोफेनचं पाणी, पुठ्ठ्याचं शहर आणि फू फायटर्स बँडसाठी केलेल्या 'एव्हरलाँग' व्हिडिओतून आलेले ते अवाढव्य हात आहेत. मला तो आवडतो, पण स्वप्न आणि जाग यांची सीमा ठरलेली नसल्यामुळे मध्यंतरानंतर तो पसरतो. 'द ग्रीन हॉर्नेट' (२०११) हा हॉलिवूडचा अगडबंब बजेटचा सुपरहिरोपट. त्यात पडदा फुटत फुटत अनेक चौकटींत वाटला जाण्याचा एक प्रसंग अस्सल गोंड्री आहे, बाकी कोणीही केला असता. 'मूड इंडिगो' (२०१३) हे सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण. फ्रेंच लेखक बोरिस व्हियाँच्या कादंबरीतलं कॉकटेल बनवणारं पियानो वगैरे सगळं त्याने खरोखर बांधून घेतलं. जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये एक युक्ती. फ्रान्समधली आवृत्ती दोन तासांच्या वर होती, परदेशी प्रेक्षकांसाठी ती दीड तासापर्यंत कापली. कापलेली पाहिली तरी दमायला होतं. व्हिडिओत चार मिनिटांना एक नियम पुरतो. सिनेमात दर मिनिटाला नवा नियम आला की प्रेक्षक मोजायचंच सोडून देतो. 'द बुक ऑफ सोल्युशन्स' (२०२३) मधला दिग्दर्शक निर्मात्यांपासून आपला अर्धवट सिनेमा पळवून मावशीच्या गावी जातो आणि तो पुरा करण्याऐवजी भलतंच सगळं करत बसतो. 'मूड इंडिगो' च्या काळात जे स्वतःवर ओढवलं त्यावरच गोंड्रीने ही थट्टा रचली.

व्हिडिओतून सिनेमात जाणाऱ्याला एक गोष्ट हमखास नडते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही: आवाज. व्हिडिओच्या सेटवर प्लेबॅक (आधीच ध्वनिमुद्रित केलेलं गाणं) कर्कश्श वाजत असतो. जनरेटर जवळ असो, रिग कुरकुरो, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देवो, काही बिघडत नाही. स्लो मोशन हवं तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, ४८ फ्रेमवर शूट करा, ओठ जुळतात. या सवयीने माणूस सिनेमाला आला की पहिल्या आठवड्यात साउंड रेकॉर्डिस्टशी भांडण ठरलेलं. मोशन कंट्रोल रिगच्या मोटरचा आवाज संवादाखाली भरून राहतो, म्हणून तसा प्रसंग एकतर बिनसंवादाचा लिहावा किंवा डबिंगचे पैसे आधीच बाजूला काढावेत. प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट नुसता शांत आवाज नोंदवून ठेवायचा, हेही व्हिडिओवाल्याच्या अंगवळणी नसतं.

दुसरं कागदाचं. व्हिडिओ मिळवायला दोन-चार पानांची ट्रीटमेंट (व्हिडिओ कसा करणार याचं टिपण) लिहितात, बहुतेकदा फुकट, आणि त्याच गाण्यासाठी आणखी काहीजण लिहीत असतात. तिथे एक ठळक कल्पना जिंकते. सिनेमाची पटकथा त्याच चालीवर लिहिली की पहिली दहा पानं झकास होतात आणि मग पात्रं कल्पनेची हमाली करायला लागतात.

खुद्द गोंड्रीने यावर काढलेला उतारा मजेशीर आहे. 'बी काइंड रिवाइंड' (२००८) मध्ये व्हिडिओ लायब्ररीतली माणसं पुसल्या गेलेल्या कॅसेटवर गाजलेले सिनेमे पुठ्ठा आणि चिकटपट्टीने पुन्हा शूट करतात. त्यातूनच त्याने हौशी लोकांसाठी सिनेमाचा कारखाना काढला. पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातही तो २०११ मध्ये भरला होता. अनोळखी लोकांचा गट येतो. नाव, प्रकार आणि गोष्ट मतदानाने ठरते, कोणी एकजण दिग्दर्शक म्हणून मिरवत नाही. तयार सेट उभे असतातच: घर, रस्ता, रेल्वेचा डबा. शॉट गोष्टीच्या क्रमानेच घ्यायचे, कारण एडिटिंग नाही; कॅमेऱ्यात जे जसं उतरलं तोच सिनेमा. सगळं मिळून साधारण तीन तास, आणि त्यानंतर लगेच तो सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचा.